जिनिंगच्या आवारात वायर, वाय-फाय, लोरा की खासगी ५जी? टॉवरच्या शेजारी असलेल्या कारखान्यासाठी तुलना

हिंगणघाट, वणी, पांढरकवडा, अकोट इकडचे जिनिंग-प्रेसिंगवाले (कापसातून सरकी काढून गाठी बांधणारे) असोत, तुमसर-मूलकडचे राइस मिलवाले असोत की वरुड-मोर्शीचे संत्रा ग्रेडिंगवाले, हल्ली सगळ्यांचा प्रश्न जवळपास सारखाच असतो. वजनकाटा, कॅमेरे, गंजीतलं तापमान, प्रेसचा पीएलसी (यंत्र चालवणारा छोटा संगणक), जनरेटरचं डिझेल, हे सगळं ऑफिसातल्या एका पडद्यावर दिसायला हवं. मग वायर ओढायची, वाय-फायवर भागवायचं, जागोजागी सिमकार्डाचे राउटर बसवायचे, की विक्रेता सांगतो तसं स्वतःचं खासगी ५जी उभारायचं?

कोटेशनं समोर आली की नजर किंमत आणि वेग या दोनच रकान्यांवर जाते. तिसरा रकाना कोणी छापत नाही: कुंपणाबाहेर कोणता टॉवर आहे आणि तो कोणत्या फ्रिक्वेन्सीवर चालतो. खेड्यातल्या कारखान्याचं वायरलेस नीट चालेल की नाही, हे बहुतेक वेळा तिथेच ठरतं. म्हणून हा आढावा त्या अंगाने लिहितोय. माझं मत आधीच सांगून टाकतो. जे काम अडलं तर माल, माणूस किंवा पैसा यांचं नुकसान होतं, ते वायरलेसवर ठेवूच नका. उरलेल्या कामांसाठी आधी फ्रिक्वेन्सीचा पट्टा ठरवा, कंपनी आणि मॉडेल मागाहून.

आधी नेमकं बिघडतंय काय?

तक्रार एकच असते: लाइन तुटते. पण तिच्यामागे तीन वेगवेगळी कारणं असतात आणि एकाचा इलाज दुसऱ्याला लागू पडत नाही. एक, सिग्नलच पोचत नाही. पत्र्याच्या शेडमध्ये हे हमखास होतं. दोन, सिग्नल उत्तम आहे, पण टॉवरवर माणसं फार. तीन, दुसरा कुठलातरी रेडिओ तुमच्या रेडिओचं ऐकणं बंद पाडतोय. खरा इंटरफेरन्स तो हा तिसरा.

मोबाइल नेटवर्कपुरतं हे ओळखायला महागडं यंत्र लागत नाही. फोनमध्ये मोफत मिळणारं नेटवर्क मीटरचं कुठलंही ॲप दोन आकडे दाखवतं. आरएसआरपी म्हणजे टॉवरचा सिग्नल किती जोराने पोचतोय; तो डीबीएममध्ये मोजतात आणि आकडा शून्याच्या जितका जवळ तितका जोर जास्त. उणे ९० डीबीएमपेक्षा वर असेल तर चांगला, उणे ११० च्या खाली गेला तर रडकथा. एसआयएनआर म्हणजे बाकी गोंगाटाच्या मानाने तो किती स्वच्छ ऐकू येतो. २० च्या पुढे उत्तम, शून्याच्या आसपास वाईट. पहिला आकडा वाईट असेल तर सिग्नलच कमी. पहिला चांगला आणि दुसरा वाईट असेल तर इंटरफेरन्स, मग तो शेजारच्या टॉवरचा असो की कोणाच्या बेकायदा बूस्टरचा. दोन्ही चांगले आणि तरी पान उघडत नसेल, तर गर्दी. हे मोजमाप सकाळी करा, दुपारी करा, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हंगामात करा. जून-जुलैत रिकाम्या आवारात घेतलेले आकडे डिसेंबरात कामाचे नाहीत.

असं का म्हणतो ते एका जिनिंगमधल्या काट्यावरून सांगतो. काट्याच्या केबिनपासून ऑफिस सव्वाशे मीटरवर, मध्ये गाड्यांचा रस्ता. दोन्हीकडे २.४ गिगाहर्ट्झचे वाय-फाय ब्रिज, म्हणजे दोन जागा बिनतारी जोडणारे रेडिओ, बसवलेले. तिथला फिटर म्हणाला, "साहेब, सकाळी बरोबर चालते जी. दुपारून गाड्या लागल्या का लटकते." ब्रिजचं सेटिंगचं पान उघडून पाहिलं तर सिग्नल सकाळी उणे ५६ आणि दुपारीही उणे ५६. म्हणजे सिग्नल जागचा हलला नव्हता. पण दुपारी लिंकचा वेग तळाला आणि पुन्हा पुन्हा पाठवलेल्या पॅकेटांचा आकडा आभाळाला. केबिनच्या खिडकीशी पावतीसाठी शेतकऱ्यांची गर्दी, प्रत्येकाच्या खिशात फोन, कुणाचा हॉटस्पॉट चालू, आणि ब्रिजचा अँटेना त्याच खिडकीच्या वर हातभर अंतरावर. काट्यावर गाडी चढलेली, पावती निघत नाही, मागे पिकअपची रांग फाटकाबाहेर. उन्हात उभ्या असलेल्या शेतकऱ्याला यातलं काही माहीत नसतं. त्याला फक्त एवढंच दिसतं की त्याचा कापूस मोजला जात नाही.

२.४ की ५ गिगाहर्ट्झ?

भारतात २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ हा पट्टा वाय-फायसाठी विनापरवाना खुला आहे. त्याच्या अगदी खाली, २३०० ते २४०० मध्ये, मोबाइल कंपन्यांचं ४जी चालतं. तांत्रिक भाषेत तो बँड ४०. दोघांच्या मध्ये भिंत नाही. वाय-फायचा चॅनल १ सुरू होतो २४०१ ला. म्हणजे टॉवरचा पट्टा संपतो आणि लगेच तुमचा सुरू होतो.

टॉवर तुमच्या पट्ट्यात घुसत नाही, तो आपल्या हद्दीतच असतो. दोष असतो तुमच्या रेडिओच्या कानाचा. स्वस्त ॲक्सेस पॉइंटमध्ये (वाय-फाय देणाऱ्या पेटीत) चांगला फिल्टर नसतो, त्यामुळे शेजारचा जोरदार सिग्नलही आत शिरतो आणि रिसीव्हर बधिर होतो. किती जोरदार? अँटेनाच्या तोंडाच्या दिशेने टॉवरची ताकद हजार वॉटच्या घरात धरली, तर मोकळ्या रानात ३०० मीटरवर साधारण उणे २९ डीबीएम पोचतात. तुमचा १०० मिलीवॉटचा ॲक्सेस पॉइंट ४० मीटरवर जेमतेम उणे ५२ देतो. फरक २३ डेसिबलचा, म्हणजे टॉवर दोनशे पट मोठा. यात एक उलटी वाटणारी गोष्ट आहे: टॉवरच्या बुडाशी असलेल्या शेडला त्रास कमी होतो आणि दोन-तीनशे मीटरवरच्या शेडला जास्त, कारण अँटेनाचा मुख्य झोत पायथ्यावरून पुढे जातो. टॉवरचं भाडं मिळावं म्हणून मिलच्या मागच्या कोपऱ्यात टॉवर घेतलेल्यांनी आपलं काटा-केबिन कुठे येतं ते बघावं.

आणि टॉवर लांब असला म्हणून सुटका झाली असंही नाही. टॉवर दीड-दोन किलोमीटरवर असेल तर आवारातले फोन पूर्ण ताकदीने, म्हणजे २०० मिलीवॉटने, बोलायला लागतात. शहरात टॉवर जवळ असल्याने तोच फोन याच्या कितीतरी कमी ताकदीत काम भागवतो. तीन मीटरवरून बोलणारा असा फोन तुमच्या ब्रिजला उणे २६ च्या आसपास ऐकू जातो. खेड्यातल्या कारखान्याचा हा खास त्रास आहे आणि शहरी सल्लागाराच्या लक्षात तो सहसा येत नाही.

२.४ वरच राहायचं असेल तर चॅनल १ सोडा आणि ११ किंवा १३ घ्या. भारतात १३ पर्यंत परवानगी आहे. बँड ४० पासून तेवढं ५०-६० मेगाहर्ट्झ अंतर मिळतं. दिशादर्शक अँटेना लावा आणि तो माणसांच्या डोक्यावरून दूर, उंच बसवा. एवढ्यावर अनेक ठिकाणी भागतं.

पण नवीन खरेदी करत असाल तर २.४ चा आग्रह सोडाच. ५ गिगाहर्ट्झमध्ये २०१८ च्या अधिसूचनेनंतर ५१५० ते ५३५०, ५४७० ते ५७२५ आणि ५७२५ ते ५८७५ असे मोठे पट्टे खुले झाले आहेत. जवळचा मोबाइल पट्टा ३६७० ला संपतो, म्हणजे मध्ये भरपूर मोकळं रान. फोनचे हॉटस्पॉट तिथेही येतात, पण चॅनल इतके आहेत की धक्का लागत नाही. तोटा एक: ५ गिगाहर्ट्झ भिंतीतून कमी जातं आणि रचलेल्या गाठींच्या थप्पीतून तर त्याहून कमी. त्यामुळे ॲक्सेस पॉइंट जास्त लागतात. दुसरी अडचण आता आता वाढते आहे. तालुक्याचा केबलवाला गावोगावी इंटरनेट पोचवायला याच ५.८ च्या डिश वापरतो, आणि मोठ्या कंपन्यांच्या घरगुती एअरफायबरच्या काही जोडण्याही याच विनापरवाना रेडिओवर चालतात. सार्वजनिक नेटवर्क हे असं तुमच्या अंगणात येऊन बसतं, आणि त्यांना तो अधिकार आहे. विनापरवाना पट्ट्याचा नियमच असा की कोणाला त्रास द्यायचा नाही आणि कोणाकडून संरक्षण मागायचं नाही. तक्रार घेऊन जाल तर ती उभी राहणार नाही.

तरीही २.४ आणि ५ मध्ये निवडायचं झालं तर माझा कौल ५ ला, यात मला शंका नाही.

लोरा, म्हणजे ८६५

सेन्सरसाठी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा छोटा पट्टा विनापरवाना खुला आहे. लोरा, म्हणजे लांब पल्ल्याची पण कमी वेगाची रेडिओ पद्धत, त्यावर चालतं. वेग अगदीच थोडा, सेकंदाला काही शे ते काही हजार बिट. कॅमेरा विसरा. पण कापसाच्या गंजीत खोचलेला तापमानाचा सेन्सर दर दहा मिनिटांनी एक आकडा पाठवतो, त्याला एवढं पुष्कळ झालं. सेन्सरची बॅटरी वर्षानुवर्षं टिकते, एक गेटवे (सगळ्या सेन्सरांचे आकडे गोळा करणारी पेटी) अख्खं आवार सांभाळतो, आणि ही फ्रिक्वेन्सी २.४ पेक्षा आडोशाला बरी दाद देते. सरकीच्या गोदामात, विहिरीवरच्या पंपावर, पाण्याच्या टाकीवर याच्याइतकं स्वस्तात निभावणारं दुसरं काही मी पाहिलेलं नाही.

इथेही शेजार बघावा लागतो. ८५० च्या मोबाइल पट्ट्यात टॉवरचं बोलणं ८६९ मेगाहर्ट्झपासून सुरू होतं. तुमचा पट्टा ८६८ ला संपतो. मधली फट एका मेगाहर्ट्झची. सुदैवाने लोरावॅनचे (लोराच्या नेटवर्कचा ठरलेला नियमसंच) भारतासाठी ठरलेले तीन मूळ चॅनल ८६५.०६२५, ८६५.४०२५ आणि ८६५.९८५ असे खालच्या टोकाला आहेत. बसवणारा माणूस क्षमता वाढवायला म्हणून वरच्या टोकाचे चॅनल जोडतो, तिथे घोळ होतो. टॉवर दोन-तीनशे मीटरच्या आत असेल तर गेटवेच्या अँटेनाला कॅव्हिटी फिल्टर (शेजारच्या फ्रिक्वेन्सी अडवणारा डबा) लावून घ्या आणि चॅनल ८६७ च्या खाली ठेवा.

एक सूचना मात्र ठळक अक्षरात लिहायला हवी अशी आहे. ऑनलाइन स्वस्त मिळतात म्हणून ९१५ मेगाहर्ट्झचे मॉड्यूल घेऊ नका. ते ९०२ ते ९२८ मध्ये चालतात, अमेरिकेत ते कायदेशीर आहे. आपल्याकडे ८९० ते ९१५ मध्ये फोन बोलतात आणि टॉवर ऐकतो. म्हणजे तुमचा दोन-पाचशे रुपयांचा सेन्सर थेट टॉवरच्या कानात ओरडतो आणि गावातल्या माणसांचे कॉल तुटतात. कोणाच्या घरी बाळंतपणाची वेळ असेल, कोणी १०८ ला फोन लावत असेल. खरेदी करताना उपकरणाला भारताची ईटीए मंजुरी (रेडिओ उपकरणांना लागणारी सरकारी मान्यता) आहे का एवढं विचारलं तरी हा धोका टळतो.

हाच न्याय बूस्टरला. शेडमध्ये फोन लागत नाही म्हणून बाजारातून बूस्टर आणून छतावर लावणं बेकायदा आहे, आणि त्याने आतले चार फोन सुधारतात पण टॉवरच्या ऐकण्यात कायमचा गोंगाट भरतो. आत बोलायला वाय-फाय कॉलिंग चालू करा. बहुतेक नव्या फोनमध्ये ते असतं. तेवढ्याने भागत नसेल तर मोबाइल कंपनीकडूनच इमारतीच्या आत लावायचा छोटा सेल, म्हणजे लहानसा टॉवर, मागा.

सिमकार्डाचे राउटर: सोपं, पण पाठीचा कणा नव्हे

सार्वजनिक ४जी-५जीवरचा राउटर हा सगळ्यात झटपट उपाय. दोन तासांत चालू. टॉवरची फ्रिक्वेन्सी परवान्याची असल्याने विनापरवाना गोंधळ इथे नाही, आणि खरोखर बाहेरचा इंटरफेरन्स असेल तर कंपनी स्वतःच्या हितासाठी शोधते. देशात वायरलेस मॉनिटरिंग ऑर्गनायझेशन त्यासाठीच आहे.

अडचण इंटरफेरन्सची कमी आणि गर्दी व विजेची जास्त. खरेदीच्या दिवसांत दुपारी आवारात शंभर-दीडशे माणसं असतात. यूपीआय, व्हॉट्सॲप, कापसाच्या भावाचे मेसेज, सगळं त्याच टॉवरवर. त्या रांगेत तुमचा पीएलसी आणि एखाद्या पोराचा व्हिडिओ यांना सारखाच मान. आणि वीज गेली की तुमचा जनरेटर लगेच सुरू होतो, टॉवर मात्र बॅटरीवर जितका वेळ निघेल तितकाच चालतो. मिल चालू आणि नेटवर्क बंद, असा प्रसंग विदर्भातल्या कुठल्याही मिलवाल्याला नवा नाही.

यावर दोन कंपन्यांची दोन सिमं टाकायचा सल्ला हमखास मिळतो. चांगला आहे, पण अर्धा. खेड्यात दोन कंपन्यांचे अँटेना पुष्कळदा एकाच टॉवरवर, एकाच बॅटरीवर आणि एकाच फायबरवर असतात. टॉवरपाशी जाऊन बघा, किंवा ॲपमध्ये दोन्ही सिमांचे सिग्नल कोणत्या दिशेने येतात ते फिरून तपासा. वेगवेगळ्या टॉवरची दोन सिमं मिळाली तरच ती खरी जोडी.

माझ्या मते सिमचं स्थान ठरलेलं आहे: मुख्य इंटरनेटची फायबर तुटली तर राखीव म्हणून, आणि दूरच्या एकट्यादुकट्या जागेसाठी, जसं की नदीवरचा पंप किंवा गावाबाहेरचं गोदाम. आवाराच्या आतल्या यंत्रांनी एकमेकांशी बोलायला गावच्या टॉवरला वळसा घालून यायचं काही कारण नाही.

खासगी ५जी: कोणाला खरंच लागतं

यावर सविस्तर लिहायला हवं, कारण सगळ्यात मोठा खर्च आणि सगळ्यात जास्त गैरसमज इथेच.

जर्मनीने २०१९ मध्ये ३७०० ते ३८०० मेगाहर्ट्झ हा अख्खा तुकडा कारखान्यांसारख्या स्थानिक वापरासाठी वेगळा काढला. ब्रिटनमध्ये ३.८ ते ४.२ गिगाहर्ट्झमध्ये स्थानिक परवाने मिळतात, जपानमध्ये ४.६ ते ४.९ मध्ये. अमेरिकेत ३५५० ते ३७०० चा पट्टा संगणकीय व्यवस्थेमार्फत वाटून वापरतात. तिथल्या कारखानदाराचा शेजारी मोबाइल कंपनी असली तरी जमीन त्याची स्वतःची असते.

आपल्याकडे दूरसंचार विभागाने जून २०२२ मध्ये खासगी कॅप्टिव्ह (फक्त स्वतःच्या वापराच्या) नेटवर्कची मार्गदर्शक तत्त्वं काढली. मार्ग चार: मोबाइल कंपनी तिच्या सार्वजनिक नेटवर्कचाच एक तुकडा तुमच्यासाठी राखते, किंवा तुमच्या आवारात तिच्याच स्पेक्ट्रमवर वेगळं नेटवर्क बांधून देते, किंवा तुम्ही परवाना काढून तिच्याकडून स्पेक्ट्रम भाड्याने घेता, किंवा थेट सरकारकडून. चौथ्या मार्गासाठी विभागाने मागणीची चाचपणी केली ती १०० कोटींहून अधिक निव्वळ मालमत्ता असलेल्या उद्योगांसाठी. गावातल्या मिलने तो हिशेबात धरूच नये. राहिले पहिले तीन, आणि त्या तिन्हींत स्पेक्ट्रम मोबाइल कंपनीचाच. म्हणजे तुमचं खासगी नेटवर्क आणि गावचं सार्वजनिक नेटवर्क एकाच पट्ट्यात, बहुधा २०२२ च्या लिलावातल्या ३३०० ते ३६७० मध्ये, शेजारी शेजारी किंवा चक्क एकमेकांच्या अंगावर.

इथे खरा मुद्दा वेळेचा येतो. या पट्ट्यात पाठवणं आणि ऐकणं एकाच फ्रिक्वेन्सीवर, आळीपाळीने चालतं. एकपदरी पुलावर दोन्ही टोकांच्या माणसांनी एकाच घड्याळाने गाड्या सोडल्या तर वाहतूक चालते; एकाचं घड्याळ मागे असेल तर पुलाच्या मध्यावर समोरासमोर. गावचा टॉवर पाठवत असताना तुमचा छोटा सेल ऐकत असेल, तर त्याला फक्त टॉवर ऐकू येतो. शेजारच्या दोन सेलांच्या घड्याळांत तीन मायक्रोसेकंदांपेक्षा जास्त फरक चालत नाही, म्हणजे प्रत्येकाने खऱ्या वेळेच्या दीड मायक्रोसेकंदाच्या आत राहायचं. ही वेळ जीपीएसवरून किंवा फायबरवरून घ्यावी लागते. पत्र्याखाली जीपीएस मिळत नाही, अँटेना छतावर न्यावा लागतो. ही साधी गोष्ट कोटेशनमधून गळालेली असते.

घड्याळ जुळलं तरी पाळ्यांचं प्रमाण जुळावं लागतं. सार्वजनिक नेटवर्क सुमारे तीन चतुर्थांश वेळ लोकांना डाउनलोड देण्यात घालवतं. कारखान्याचं नेमकं उलट. प्रत्येकी ४ मेगाबिटचे २० कॅमेरे म्हणजे सतत ८० मेगाबिट अपलोड. विक्रेता म्हणतो, आपल्या नेटवर्कमध्ये अपलोडला जास्त पाळ्या देऊ. दिल्या की पुलावर पुन्हा टक्कर. जाड भिंतींच्या, पूर्ण बंद इमारतीत ते जमू शकतं, कारण भिंतच सिग्नल अडवते. तीन बाजूंनी उघड्या जिनिंग शेडमध्ये किंवा उघड्या यार्डात जमत नाही. तेव्हा विक्रेत्याला सरळ विचारा: तुमचा फ्रेम पॅटर्न, म्हणजे पाळ्यांचं वेळापत्रक, शेजारच्या टॉवरसारखाच आहे का? हो म्हणाला तर अपलोड किती उरतो ते लेखी घ्या. नाही म्हणाला तर शेजारच्या कंपनीची संमती कुठे आहे ते दाखवायला सांगा.

यातून निवडीचा एक व्यवहारी नियम निघतो, आणि तो मला सगळ्यात मोलाचा वाटतो. खासगी ५जी घ्यायचंच असेल तर ज्या कंपनीचा टॉवर तुमच्या कुंपणाला सगळ्यात जवळ आहे, तिच्याकडूनच घ्या. एकाच फ्रिक्वेन्सीवरचे दोन्ही सेल एकाच घरातले, घड्याळ एकाच हातात, आणि भांडण झालं तर दार ठोठवायला एकच. दुसऱ्या कंपनीने दहा टक्के कमी भाव दिला तरी तो नंतर अंगावर येण्याची शक्यता जास्त.

मग कोणाला लागतं? जिथे क्षेत्र मोठं, उघडं आणि यंत्रं हलती आहेत. वणी-घुग्घुस पट्ट्यातल्या उघड्या कोळसा खाणी, चंद्रपूर-कोरपन्याकडचे सिमेंट कारखाने, मोठी औष्णिक केंद्रं. डंपर चालत असताना एका ॲक्सेस पॉइंटवरून दुसऱ्यावर जाताना वाय-फाय क्षणभर तुटतं, ५जी तुटत नाही. चाकणच्या महिंद्राच्या कारखान्यात २०२२ मध्ये एअरटेल आणि टेक महिंद्राने ५जी आणलं ते वाहननिर्मितीसाठी. त्या तोलाचं काम असेल तर हा खर्च समजू शकतो. चार-पाच महिने चालणाऱ्या जिनिंगला, जिथे हलतं यंत्र म्हणजे कापूस ढकलणारा एखादा लोडर, तिथे नाही. मिलवाल्याने या पैशात गंजीभोवतीची पाण्याची लाइन आणि स्पार्क डिटेक्टर सुधारावेत, हे मी प्रत्येकाला सांगत आलोय.

वायर

तांब्याची इथरनेट १०० मीटरपर्यंत, पुढे फायबर. फायबरला ना टॉवर त्रास देतो, ना मोटारींच्या ड्राइव्हचा (मोटारीचा वेग बदलणाऱ्या यंत्राचा) गोंगाट, ना जूनमध्ये कडाडणारी वीज. (ड्राइव्ह आणि वेल्डिंग मशीन यांच्यावर वाय-फाय बिघडवल्याचा आरोप नेहमी होतो. त्यांचा गोंगाट मुख्यतः खालच्या फ्रिक्वेन्सीत असतो. तो तांब्याच्या सिग्नल वायरींना छळतो, २.४ गिगाहर्ट्झपर्यंत सहसा पोचत नाही.) खर्च केबलचा नसतोच, चर खणण्याचा आणि रस्ता फोडण्याचा असतो. वर ज्या काट्याचं सांगितलं तिथे शेवटी रस्त्याखालून लोखंडी पाइप टाकून फायबर नेली. त्या पाइपात एक जादा दोरी सोडून ठेवली आहे, पुढे दुसरी केबल ओढायची झाली तर रस्ता पुन्हा फोडायला नको. उंदीर हा खरा शत्रू. आर्मर्ड केबलच घ्या. खोदाई रिकाम्या काळात, उन्हाळ्यात करून घ्या, आणि नेटवर्कचा स्विच (केबली जोडणारी पेटी) पत्र्याखाली ठेवायचा असेल तर किमान ६० अंश सोसणारा इंडस्ट्रियल घ्या, कारण चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात सावलीतच ४६-४७ असतं, पत्र्याखालच्या पेटीत त्याहून बरंच जास्त.

काटा, प्रेस आणि पीएलसी, आग ओळखणारे सेन्सर, आणीबाणीचं बटण: हे वायरवर. यात मी तडजोड सुचवणार नाही. गंजीतलं तापमान लोरावर चालेल, पण ते आगाऊ इशारा म्हणून. भोंगा वाजवणारा डिटेक्टर वायरवरच हवा. कापसाच्या आवारात ठिणगीला दहा मिनिटांची सवड देता येत नाही.

कोणी काय घ्यावं

मध्यम जिनिंग, टॉवर अर्ध्या किलोमीटरच्या आत: काटा, प्रेस आणि कॅमेऱ्यांचे मुख्य बिंदू फायबरवर, ऑफिस आणि ग्रेडरच्या टॅबसाठी ५ गिगाहर्ट्झ, गंजीला खालच्या चॅनलवरचं लोरा, राखीव म्हणून एक सिम. २.४ पूर्ण बंद.

राइस मिलचं आवार लहान आणि बांधकाम बंदिस्त. तिथे वायर आणि दोन-तीन ॲक्सेस पॉइंटमध्ये काम होतं, लोराची गरज क्वचित. संत्रा ग्रेडिंग आणि कोल्ड स्टोरेजला उलट लोरा फार उपयोगी, पण सेन्सर इन्सुलेटेड पॅनलच्या आत असेल तर अँटेना बाहेर काढा, कारण त्या पॅनलला दोन्हीकडून पत्रा असतो. शेतकरी उत्पादक कंपनीचं छोटं युनिट असेल, पैसे मोजके असतील, तर एक फायबर आणि एक सिम यावर सुरुवात करा, बाकी पुढच्या वर्षी.

खाण, सिमेंट, मोठं यार्ड: खासगी ५जीची चर्चा करा, जवळच्या टॉवरवाल्या कंपनीशी, आणि आधी एक महिना मोजमाप करून.

करार कोणताही असो, त्यात तीन ओळी घालून घ्या. पट्टा आणि चॅनल आकड्यांत लिहिलेले असावेत, नुसतं "वायरलेस" नको. प्रत्येक रेडिओच्या ईटीए मंजुरीची प्रत जोडलेली असावी. आणि स्वीकृती चाचणी हंगामात, खरेदी जोरात असलेल्या दिवशी दुपारी दोन ते पाच या वेळात, आवारात गाड्या उभ्या असताना होईल. ती पास होईपर्यंत शेवटचा हप्ता राखून ठेवला जाईल. विक्रेता पहिल्या दोन ओळींना लगेच तयार होतो. तिसरीवर घासाघीस करतो, तिथे हटू नका.